पाठीवरचे अठरा हुक

बॅलेचा पोशाख ज्या कुणी पहिल्यांदा बेतला, त्या भल्या माणसाने एक गोष्ट गृहीतच धरली असली पाहिजे: हा घालणाऱ्या बाईच्या मागे दुसरी एक बाई कायम उभी असते. त्याशिवाय कुणी सगळेच्या सगळे हुक पाठीवर लावणार नाही. रोझलीन कोतरो बावीस वर्षं नाचली, आणि त्या बावीस वर्षांत तिच्या पाठीमागे तोंडात टाचण्या धरलेली, "श्वास सोडा, अजून सोडा" म्हणणारी कुणी ना कुणी उभी होतीच. ती कधी मुख्य नर्तिका नव्हती. मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी. पण मागच्या रांगेतल्या बाईचेही हुक कुणीतरी लावायचं, आणि खेळ संपल्यावर कुणीतरी काढायचं. हुक लागणं-निघणं हे दिवस उजाडण्या-मावळण्यासारखं आपोआप होतं, असा तिचा समज झाला होता. त्रेसष्टाव्या वर्षी, मे महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी साडेनऊ वाजता तो फिटला.

काम तसं अगदी साधं होतं. वर्षातून एकदा पोशाख पिशवीतून काढायचा, कसर लागली आहे का बघायचं, व्होडका फवारायची आणि वाऱ्यावर टांगायचा. (दचकू नये. हे पोशाख धुवायचे नसतात. घामाचा वास घालवायला जगभरच्या नाटकघरांत व्होडकाच मारतात. रोझलीनने तो पदार्थ आयुष्यात जिभेला लावलेला नव्हता. तिची एक बाटली चार वर्षं पुरे.) कसर नव्हती. ताटासारखा आडवा पसरलेला पांढरा जाळीचा घेर अजून ताठ होता. एवढ्यावर भागलं असतं. पण रोझलीनचा एक नेम होता. स्वयंपाकघरातला ओटा धरून ती रोज सकाळी पाऊण तास पायांचा अभ्यास करायची. देवापुढे दिवा लावावा तसा, ताप असो की पाहुणा असो. पाहुणा कधी नसायचाच, हे सोडा. तर तो नेम आटोपून ती घामेजली होती, समोर पोशाख टांगलेला होता, आणि तिच्या मनात आलं: होतोय का बघू.

एकटीने पाठीवरचे हुक लावायची एक युक्ती आहे आणि ती निम्म्या बायकांना ठाऊक असते. उलटं चढवायचं, हुक छातीवर लावायचे आणि मग सगळं सरकवत सरकवत मागे फिरवायचं. रोझलीनने तेच केलं. अठराही हुक लागले. पोशाख इंचाइंचाने फिरला, जागेवर बसला, तिने पट्टे खांद्यावर ओढले आणि आरशात बघितलं. झाला होता! तिला इतका आनंद झाला की तिने खोल श्वास घेतला.

तीच चूक. श्वासासरशी बरगड्या फुगल्या, पोशाखात शिवलेल्या ताठ पट्ट्या जागच्या जागी रुतल्या, आणि आता तो ना पुढे फिरेना ना मागे. मानेवरून हात नेला तर वरचे दोन हुक बोटांना लागायचे, कमरेकडून नेला तर खालचा एक. पण एका हाताने ते निघण्यातले नव्हते आणि दोन्ही हात एकाच वेळी तिथे पोचतील अशी माणसाची घडण नाही. तिने दाराच्या चौकटीला पाठ घासून पाहिली. काट्या-चमच्यांचा खण उपसला. पाऊण तासाने ती खुर्चीच्या कडेवर टेकली (त्या घेरात पुरतं बसता येत नाही) आणि तिला कळून चुकलं की एखाद्या दुसऱ्या माणसाच्या हातांवाचून हा पोशाख आता आपल्या अंगावरून उतरायचा नाही.

दुसरं माणूस सर्वांत जवळ होतं ते समोरच्या दाराआड. चौथ्या मजल्यावर दोनच घरं: एक हिचं, एक मादाम केरूशचं. पण तिकडे जाणं नव्हतं. चार वर्षांपूर्वी रोझलीनने खाली टपालपेट्यांशेजारी एक चिठ्ठी लावली होती: "चौथ्या मजल्यावरील संबंधितांनी रात्री नवानंतर टीव्हीचा आवाज कमी ठेवावा, ही नम्र विनंती." सही नव्हती. पण चौथ्या मजल्यावर दोनच माणसं, त्यातलं एक "संबंधित" म्हटल्यावर चिठ्ठी लिहिणारं कोण, हे शोधायला पोलिसांची गरज नव्हती. त्या दिवसापासून टीव्ही बंद झाला आणि नमस्कारही. आवाज गेला तसं भिंतीपलीकडे कुणीतरी हसतंय-रडतंय ही सोबतही गेली, हे रोझलीनच्या फार उशिरा लक्षात आलं. पण "थोडा वाढवलात तरी चालेल" अशी चिठ्ठी कोण लावतं?

म्हणून तिने तिसऱ्या मजल्याचा विचार केला. तिथे मस्यू तार्दिव्हेल राहायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, विधुर. पुरुष माणूस, त्याला पाठीचे हुक काढायला सांगायचे म्हणजे... ती विचार करत दार उघडून एक पाऊल बाहेर आली, निदान जिन्यात कुणी बाईमाणूस दिसतंय का बघावं म्हणून. व्होडकाचा वास जावा म्हणून स्वयंपाकघराची खिडकी तिने उघडीच ठेवली होती. तिकडून वाऱ्याचा झोत आला आणि दार धाडकन लागलं. लॅचचं दार. बाहेरच्या बाजूला नुसती पितळी मूठ, शोभेची. घेराची कड दारात अडकली होती. तिने ओढली तशी चर्र आवाज झाला आणि टीचभर जाळी घरात राहिली. बाकीची रोझलीन बाहेर.

आवाजाने तार्दिव्हेल वर आले. खरं तर ते कुठल्याही आवाजाने वर येत. चाळीस वर्षं गाडीत तिकिटं तपासल्यामुळे आपल्या हद्दीत कोण विनातिकीट वावरतंय हे बघणं त्यांच्या हाडात होतं. त्यांनी रोझलीनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पोशाखाबद्दल अवाक्षर न काढता विचारलं, "दार लागलं?"

"लागलं."

"दुसरी किल्ली कुणाकडे?"

"आत. खणात."

"अहो मादाम कोतरो, दुसरी किल्ली घरातच ठेवायची तर करायची कशाला? ती दुसऱ्याकडे द्यायची असते!"

"कुणाकडे?" रोझलीनने विचारलं. हा काही टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं. मग पुरुषांना गप्प व्हावं लागलं की ते जे करतात तेच तार्दिव्हेलनी केलं. उपाय सांगायला लागले.

"कुलूपवाल्याला बोलवू नका. आज एक मे. सुट्टीच्या दिवशी तो आधी तुमचा खिसा उघडतो, मग दार. आपली रखवालदारीणबाई पोर्तुगालला. पहिला, दुसरा, पाचवा मजला उद्याची सुट्टी जोडून गावाला. अग्निशमनवाल्यांना फोन लावू. फक्त सांगा, गॅसवर भांडं राहिलंय. पाच मिनिटांत शिडी लावतात."

"पण गॅसवर भांडं नाही."

"ते त्यांना दिसतंय थोडंच?"

त्यांनी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. पलीकडून भारदस्त आवाज आला. "गॅसवर काही आहे?"

रोझलीनने तार्दिव्हेलकडे पाहिलं. ते दोन्ही हातांनी हवेत भांडं दाखवत होते, त्यातून वाफाही काढत होते. पण खोटं तिच्या तोंडून निघायचंच नाही. निघालं तरी शेवटी प्रश्नचिन्ह लागायचं. "नाही," ती म्हणाली.

"घरात कुणी आहे? लहान मूल, म्हातारं माणूस?"

"कुणीच नाही."

"मग अडकलंय कोण?"

"मी. बाहेर."

"बाहेर अडकलेल्यांना आम्ही सोडवत नाही, मादाम," आवाज म्हणाला. उद्धटपणे नव्हे. नियम सांगावा तसा.

तार्दिव्हेलनी कपाळावर हात मारला. "हरिश्चंद्राच्या घरच्या! बरं, आता एकच. एक्स-रे." लॅचचं दार एक्स-रेच्या फिल्मने उघडतं, हे या देशात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. ताठ फिल्म फटीत घालायची, वरून खाली ओढायची आणि दाराला पायाने धक्का द्यायचा. "पण माझ्याकडे फिल्म नाही. गेल्या वर्षी गुडघा बदलला, तर सीडीची तबकडी हातात दिली. हाडंसुद्धा तबकडीवर! त्या तबकडीने दार उघडतं का? तुमच्याकडे आहेत?"

रोझलीनकडे एकोणीस होत्या. दोन्ही घोट्यांच्या, बावीस वर्षांच्या. कपाटात, वरच्या फळीवर, तारखेनुसार लावलेल्या. कपाट आत.

"समोरच्या बाईंना विचारू?" तार्दिव्हेलनी बेलकडे हात नेला.

"नको!" रोझलीन इतक्या घाईने म्हणाली की घेर हलला. "झोपल्या असतील."

"साडेदहा वाजलेत."

"तरी नको."

मग असं ठरलं की सुट्टीत उघडं राहणारं औषधाचं दुकान शोधायचं. पूर्वी लोक जुने एक्स-रे अशा दुकानांत नेऊन देत. चांदी काढायला जात म्हणे त्या फिल्म. एखादा जुना गठ्ठा असेल. तार्दिव्हेलचा नवा गुडघा तेवढं चालण्यातला नव्हता, जायला रोझलीनच. "पण अशा नका जाऊ. या खाली. माझ्या सिमोनचे कपडे कपाटात तसेच आहेत. एखादा झगा घाला. मी बाहेर उभा राहतो."

ही वेळ होती. "घालीन हो, पण आधी हे काढायला कुणीतरी लागेल" एवढंच म्हणायचं होतं. रोझलीनने तोंड उघडलं. तार्दिव्हेलचा चेहरा इतका सरळ, इतका मदतीला तत्पर होता की तिला लाजेने घाम फुटला. "नको," ती म्हणाली. "असू दे. बरं वाटतं यात."

तार्दिव्हेलनी मान डोलावली. कलावंत माणसं, त्यांचं आपल्याला काय कळणार, अशा अर्थाची. मग त्यांनी रेल्वेचा निळा रेनकोट तिच्या खांद्यांवर घातला. तो खांद्यावर बसला आणि कमरेपासून घेरावर असा काही आडवा झाला की रोझलीन अर्धवट उघडलेल्या छत्रीसारखी दिसू लागली. पायात सिमोनबाईंचे बागेतले रबरी जोडे. ते सहा वर्षं दाराशीच होते. तार्दिव्हेलनी वाकून ते पुसून दिले. लिफ्टमध्ये घेर मावेना, म्हणून ती जिन्याने उतरली.

काशां गावात एक मेला बस धावत नाही. दुकानं बंद, बाजार बंद. उघडी असतात ती फक्त माणसं, आणि ती म्युगे विकत असतात. घंट्यांसारख्या बारक्या पांढऱ्या फुलांची काडी. आज आपल्या माणसाला द्यायची, वर्ष सुखाचं जातं. आजच्या दिवशी कुणीही ती रस्त्यावर उभं राहून विकावी, परवाना लागत नाही. त्यामुळे नाक्यानाक्यावर घडीचं टेबल, बादली आणि एक माणूस. रोझलीनला वाटलं होतं, लोक हसतील. कुणी हसलं नाही. ते बरं की वाईट हे तिला ठरवता येईना. लोकांनी बघितलं, प्रत्येकाने मनाशी काहीतरी कारण लावलं आणि समाधानाने पुढे गेले. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका गृहस्थाने तेवढं थांबून आदराने विचारलं, "कामगार दिनाच्या मोर्च्याला निघालात? कुठली संघटना?"

"कुठलीच नाही. एकटीच आहे."

"असं कसं चालेल!" तो कळवळून म्हणाला. "एकट्याने काही मिळत नाही. संघटित व्हा." आणि त्याच्या कुत्र्याने घेराचा वास घेतला. व्होडकाचा. दोघंही जरा घाईने निघून गेले.

चर्चजवळच्या नाक्यावर एक आडव्या बांध्याची बाई स्टुलावर बसली होती. तिच्या बादलीतली फुलं खपत नव्हती. रोझलीन समोरून जाऊ लागताच दोन पोरी आईचा हात ओढत थांबल्या. आईला थांबावं लागलं. थांबली म्हणून काडी घेतली.

"अगं ए!" स्टुलावरची बाई रोझलीनला म्हणाली. "उभी राहा की जरा इथे. तू आलीस आणि भोवनी झाली बघ."

"मला घाई आहे."

"कुठे, स्टेजवर? दहा मिनिटं उभी राहा. रेनकोट काढ. असा कसा घालतेस, कोंबडीवर पाटी ठेवल्यासारखा?"

रोझलीनने रेनकोट काढला आणि उभी राहिली. सवयीने डावा पाय मागे गेला, हात गोलावले. मागच्या रांगेत असंच उभं राहायचं असतं, पुढे मुख्य बाई नाचत असताना, सात-सात मिनिटं, पापणी न हलवता. त्यात ती तरबेज होती. गिऱ्हाइकं जमली. पोरींपैकी धाकटीने तिच्या घेराला बोट लावून आईला विचारलं, "ही खरी आहे का?" आणि आई म्हणाली, "हात लावू नकोस."

गर्दी पांगल्यावर रोझलीनच्या मनाने उचल घेतली. बाई आहे. अनोळखी आहे. पुन्हा भेटायची नाही. याहून सोयीचं काय? ती पाठमोरी झाली आणि मान वळवून म्हणाली, "ऐका ना, माझ्या पाठीला जरा..."

"पाठ ना? अगं काही विचारू नकोस!" बाई उसळली. "पहाटे चारपासून या स्टुलावर आहे. माझी इथून जी कळ निघते ती थेट टाचेपर्यंत. डॉक्टर म्हणतो वजन उतरव. मी म्हटलं तू माझ्या सासूबरोबर सहा महिने राहा, मग बघू कुणाचं काय उतरतं." पाठीचं पुराण पंधरा मिनिटं चाललं. ते ऐकून झाल्यावर आपलेही हुक पुढे करणं रोझलीनला अप्रशस्त वाटलं. बाईने तिला एक काडी दिली. "घे. दे कुणाला तरी." रोझलीन ती काडी हातात धरून पोलिसठाण्याकडे गेली. सुट्टीच्या दिवशी औषधाचं कुठलं दुकान उघडं आहे ते त्यांनाच माहीत असतं.

काचेआड बसलेल्या तरुण हवालदाराने पेन खाली ठेवलं. बराच वेळ बघितलं. मग पेन उचललं.

"दुकानाची माहिती आम्ही फोनवर देतो."

"फोन घरात आहे."

"मग समोरासमोर द्यायची तर नोंद करावी लागेल. ओळखपत्र?"

"घरात."

"पत्त्याचा पुरावा? विजेचं बिल?"

"घरात."

"मग तुम्ही त्या घरात राहता हे कशावरून?"

प्रश्न काही वावगा नव्हता. रोझलीनने प्रामाणिकपणे विचार केला. कोण सांगेल? तार्दिव्हेल सांगतील, पण त्यांनी तिला आत पाहिलं होतं कधी? गेल्या कित्येक वर्षांत तिच्या दाराच्या आत मीटर वाचणाऱ्याशिवाय कुणी आलं नव्हतं, आणि गेल्या वर्षापासून मीटरही दुरून वाचतात. "टीचभर जाळी," ती शेवटी म्हणाली. "दाराच्या फटीत आहे. ती याची आहे, जुळवून बघता येईल."

हवालदाराने एवढी चोख साक्ष अपेक्षिली नव्हती. त्याने कागद ओढला. "व्यवसाय?"

"नर्तिका."

"सध्या?"

"निवृत्त."

त्याने वर पाहिलं. घेर, पट्टे, रबरी जोडे. "निवृत्त," त्याने सावकाश लिहिलं. पत्ता मिळाला: शहराला पाणी नेणाऱ्या कमानींच्या पाणपुलापलीकडे, शेजारच्या गावात. पायी चाळीस मिनिटं.

दुकानाच्या लोखंडी पडद्याला वीतभर खिडकी होती. तिच्यातून औषधवाल्याचे नुसते डोळे दिसत. "प्रिस्क्रिप्शन?"

"औषध नको. एक जुना एक्स-रे हवा."

"कुणाचा?"

"कुणाचाही चालेल."

डोळे मिटले, उघडले. रोझलीनने सगळं सांगितलं. म्हणजे दाराचं, हुकांचं नाही. औषधवाला म्हणाला की आम्ही आता ते घेत नाही, तळघरात एक खोकं उरलंय, पण देता येणार नाही. "रुग्णाची गुप्तता आहे, मादाम. एखाद्याची छाती मी अशी कुणाच्याही हातात देऊ?"

"मी बघणार नाही."

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला, जणू रोज दहा जण छात्या मागायला येत होते. पण माणूस वाईट नव्हता. दहा मिनिटांनी परत आला, कात्रीने कोपरा कापून नाव काढून टाकलं आणि गुंडाळी खिडकीतून बाहेर सरकवली. "पुरुष. सत्तरच्या आसपास. याहून जास्त मी सांगू शकत नाही."

परतताना पाणपुलाच्या कमानीखाली ती थोडी थांबली. श्वास पुरत नव्हता. अर्धाच आत जायचा, उरलेला पोशाखाच्या दाराशी ताटकळायचा. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं, आणि खाल्लं असतं तरी ठेवायला जागा नव्हती. तिने दिलेला शब्द मोडला आणि फिल्म उजेडात धरली. पांढऱ्या बरगड्या, मधे धुरकट हृदय. कोण होता, कुणी त्याला दवाखान्यात नेलं होतं, की एकटाच गेला होता? काचेमागून त्यालाही म्हणाले असतील, श्वास घ्या, धरून ठेवा. सोडा म्हणायला विसरले नसतील ना, असं काहीतरी तिच्या मनात आलं. मग तिने छाती नीट गुंडाळली, बगलेत धरली आणि चालू लागली. म्युगेची काडी तिने कमानीपाशी दगडावर ठेवली. कोमेजली होती, आणि नाव कापलेल्या माणसाला देण्यासारखं तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

चार वाजता ती पोचली तेव्हा चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये सभा भरली होती. तार्दिव्हेलनी शेजारच्या इमारतीतून आपले पत्त्यांचे तिघे सोबती आणले होते. चौघांच्या मिळून पाच सूचना होत्या. तार्दिव्हेलनी शस्त्रक्रिया करावी तशा बाह्या सरसावल्या आणि फिल्म फटीत सरकवली. फिल्म म्हातारी, तिसऱ्या ओढीला वाकली, पाचव्याला कापलेल्या कोपऱ्यापासून उभी फाटली.

"वरून घालायला हवी होती."

"खालून."

"साबण लावा."

"मी म्हणतो खिडकीतून..."

"चौथा मजला आहे, गास्तों!"

एवढ्यात समोरचं दार उघडलं. मादाम केरूश. ठेंगणी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात भलामोठा पिवळा लखोटा. "चार डोकी आणि एक दार," ती म्हणाली. "आमच्या गावात चार गाढवंसुद्धा एवढा वेळ लावत नाहीत. सरका." तिने लखोट्यातून फिल्म काढली. "माझ्याकडे सात आहेत. सकाळपासून. विचारलं कुणी?" हे ती तार्दिव्हेलशी बोलत होती, पण बघत होती रोझलीनकडे. रोझलीनने जमिनीकडे पाहिलं.

"कसली आहे?" तार्दिव्हेलनी तज्ज्ञपणे विचारलं.

"कंबर. चौऱ्याण्णव सालची. तेव्हा जाड द्यायचे."

तिने फिल्म तिरकी धरली, खसकन खाली आणली आणि त्याच क्षणी दाराला खाली एक लाथ घातली. दार उघडलं. अनोळखी पुरुषाच्या छातीला जे जमलं नाही ते मादाम केरूशच्या कमरेने केलं.

टाळ्या वाजल्या. चार म्हाताऱ्यांच्या, पण वाजल्या. आणि टाळ्या ऐकल्या की रोझलीनचं शरीर तिला विचारत नसे: पाय मागे गेला, गुडघा वाकला, मान झुकली. सिमोनबाईंच्या रबरी जोड्यांत तिने लवून वंदन केलं. डावीकडून तिसऱ्या नर्तिकेला एकटीला टाळ्या कधी मिळत नाहीत. या पहिल्याच. मग सगळे "चला, सुटलात!" म्हणाले, जोडे आणि रेनकोट घेऊन तार्दिव्हेल खाली गेले, पत्तेवाले पत्त्यांना गेले. मादाम केरूशने लखोटा बंद केला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटून आत गेली. दोन्ही दारं लागली.

रोझलीन घरात होती. पोशाखातच होती.

ती आरशापुढे उभी राहिली. वारा येत होता, खिडकीतून. आता कात्री घेता आली असती. पुढून, छातीवरून सरळ कापायचं. पाच मिनिटांचं काम. तिने कात्री आणली. टोक कापडाला लावलं. बावीस वर्षं हे कापड तिने घामाने भिजवलं होतं, पण हात थांबला तो त्यासाठी नव्हे. कापलं तर रात्री पाव-सूप घेऊन टेबलाशी बसता येईल, झोपताही येईल. आणि उद्या सकाळी ओटा धरून नेम. आणि कुणालाच काही कळणार नाही. हे "कुणालाच काही कळणार नाही" तिला एकाएकी सोसवेना.

तिने कात्री ठेवली. किल्ली घेतली. दुसरीही घेतली, काय सांगावं. बाहेर आली आणि समोरची बेल दाबली.

दार लगेच उघडलं, जणू आतून कडीवर हातच होता.

"आता काय? परत लागलं?"

"नाही. किल्ल्या आहेत."

"मग?"

बोलून काही होणार नाही, हे दिवसभरात सिद्ध झालं होतं. रोझलीन वळली. पाठ त्या दाराकडे केली आणि उभी राहिली.

मग मादाम केरूश म्हणाली, "सकाळी दाराच्या भिंगातून बघितलं मी. म्हटलं, विचारेल. अकरा वाजले, बारा वाजले. म्हटलं, ही बया मरेल पण विचारणार नाही." दार पुरतं उघडलं. "या आत. वारा आहे इथे. कुठे शिकलात हो असे हुक लावायला? तीस वर्षं शिवणाच्या कारखान्यात काढली मी, असा प्रकार बघितला नाही."

गार, जाड, सराईत बोटं मानेशी टेकली. पहिला हुक निघाला.

"कुणी लावले?"

"मीच."

दुसरा. "मुलगी नाही?"

"नाही."

तिसरा, चौथा. "बहीण?"

"होती." पाचवा निघाला तसा रोझलीनच्या छातीत थोडा वारा शिरला. "तुमची मुलं?"

"चौघं. सुट्टी जोडून समुद्रावर गेलीत." सहावा, सातवा. "म्हणाली, आई तुला गाडीत त्रास होतो. मला गाडीत कधी त्रास झाला नाही." आठवा जरा जोरात ओढला गेला. "श्वास घ्या. घ्या की! आता जागा आहे."

रोझलीनने घेतला. तो आत गेला आणि जातच राहिला, पार तळापर्यंत. बाहेर येताना त्याच्याबरोबर एक आवाज आला. हुंदक्यासारखा, पण तो नुसता श्वासच आहे असं दोघींनीही धरून चाललं. नववा. दहावा. हुक सुटत होते तसं बोलणं वाढत होतं: सिमोनबाई कशाने गेल्या, तार्दिव्हेल पत्त्यांत कसे लबाडी करतात, पूर्वी पाव कुठे चांगला मिळायचा. पंधरावा. सोळावा. सतरावा.

मग बोटं थांबली.

"हा शेवटचा काही निघत नाही बाई," मादाम केरूश म्हणाली. "गंजलाय. वेळ लागेल. बसा त्या दिवाणावर, मी चहा टाकते, मग बघू."

रोझलीनने कमरेकडून हात मागे नेला. सर्वांत खालचा हुक तिच्या बोटाला लागला. स्वच्छ होता, सैल होता, आता एका बोटाने निघाला असता. तिने हात पुढे घेतला आणि दिवाणाच्या कडेवर टेकली.

"हो," ती म्हणाली. "हा फार घट्ट आहे."